चवीची वाटी

देवापुढे नैवेद्य ठेवला की आपण ताटाभोवती पाणी फिरवतो, डोळे मिटतो, हात जोडतो आणि देव जेवला असे मानतो. उठून ताट तपासायला कोणी जात नाही. पण विठ्ठलवाडी स्टेशनच्या अलीकडे, पालिकेच्या पहिली ते आठवीच्या एका शाळेत, पत्र्याच्या शेडखाली रोज दुपारी स्टीलची एक वाटी भरली जाई, आणि ती भरणाऱ्या मंजुळा भालेरावच्या मनात रोज तोच प्रश्न फणा काढून उभा राही. ही वाटी खरोखर कोणाच्या पोटात जाते का?

शाळेचा नेम असा, की मुलांच्या पंगतीत खिचडी वाढण्याआधी एका शिक्षकाने ती खाऊन बघायची. शिक्षकाने होकार दिला की मगच टोपावरचे झाकण निघायचे. त्या वाटीला शाळेत सगळे चवीची वाटी म्हणत. यंदा ती वाटी हेमा करंदीकर बाईंकडे होती. बाई रोज सकाळी ठाण्याच्या नौपाड्यातून निघून शाळेत येत, सहावीला मराठी आणि विज्ञान शिकवत. मंजुळाची मुलगी मेघना त्यांच्याच वर्गात होती, आणि घरी आली की तिच्या तोंडात दुसरे नाव नसे.

शाळा सुरू झाली तेव्हा, जूनमध्ये, बाई टोपापाशीच उभ्या राहून खात. वाफेने चष्मा धूसर व्हायचा, तो पदराला पुसायचा आणि पुन्हा घास घ्यायचा, अशी त्यांची रीत होती. मग डिसेंबरात त्या आजारी पडल्या, काही दिवस रजेवर गेल्या आणि परतल्या त्या बदलूनच परतल्या. आता त्या वाटी दोन्ही हातांनी घेत, हसत, व्हरांडा पार करून टोकाच्या जुन्या प्रयोगशाळेत जात आणि दार लोटून घेत. थोड्या वेळाने येत तेव्हा वाटी धुऊन लख्ख केलेली असे. ती मंजुळाच्या हातात ठेवून म्हणत, "छान झालीय हो, मंजुळा."

रोज तेच शब्द. खिचडी तळाला लागली तरी तेच. एकदा तिखट इतके पडले की पहिलीची पोरे नाके ओढत नळाकडे धावली. त्या दिवशीही खिचडी छानच होती.

मंजुळाला रागाचे भय नव्हते. तिला भय होते ते गोडव्याचे, आणि त्याला कारण होते.

ती ह्याच शाळेत शिकली. वडील सीताराम अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होते. पहाटे निघताना बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावत आणि लेकीला सांगत, ताठ मानेने जा, ताठ मानेने ये. सातवीनंतर आई अंथरुणाला खिळली, चूल मंजुळाकडे आली आणि शाळा सुटली. पण त्या चुलीने तिला कला दिली. तिच्या हातची पोळी अशी फुगायची की बघणाऱ्याचा जीव सुखावावा. लग्न झाले, नवरा रिक्षा चालवू लागला, आणि संसाराला हातभार म्हणून मंजुळा डोंबिवलीत एका घरी पोळ्या करायला जाऊ लागली. त्या घरच्या वहिनी मोठ्या गोड. रोज म्हणायच्या, तुझ्या हाताला चव आहे गं. एक दिवस सोसायटीच्या फाटकावर पास करायचा म्हणून त्यांनी तिचे आडनाव विचारले, गाव विचारले. दुसऱ्या दिवशी त्याच गोड आवाजात त्या म्हणाल्या, पोळ्या आता नकोत, डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यात. तू आपली केर-फरशी कर. मंजुळाने खरे मानले. पंधरवड्याने फरशी पुसता पुसता स्वयंपाकघरातून तव्यावरच्या पोळीचा वास आला. ओट्याशी दुसरीच बाई उभी होती.

कोणी तिला शिवी दिली नव्हती, घराबाहेर काढले नव्हते. वहिनी तेव्हाही हसतच होत्या. त्या दिवसापासून मंजुळाच्या कानांना एक सवय लागली. कोणी गोड बोलले की ती शब्द ऐकत नसे, शब्दांच्या मागचे दार बंद होण्याचा आवाज ऐकत असे.

पुढे वस्तीतल्या बचत गटाला शाळेच्या खिचडीचे काम मिळाले. मंजुळा आणि थोराड, थट्टेखोर रमाबाई अशा दोघी शेडमध्ये उभ्या राहिल्या. यंदाच्या जूनमध्ये चव कोणी घ्यायची असा विषय निघाला, आणि आश्चर्य बघा, एकाएकी सारा शिक्षकवर्ग आजारी पडला. एकाला पित्त झाले, एकीला डाळ चालेना, मुख्याध्यापक आनंद सरांना पथ्य निघाले. तेव्हा हेमाबाई म्हणाल्या होत्या, मी घेईन. मंजुळाने शेडमधून ते ऐकले होते आणि तिचे डोळे भरून आले होते. म्हणूनच आताची ही लोटलेली दारे तिला अधिक झोंबत होती. परक्याने हात आखडला तर माणूस समजून घेतो. जिने पुढे केला होता, तिनेच मागे घेतला तर?

तिने तर्क बांधला. आजारपणात बाई घरी बसल्या, तेव्हा नौपाड्यातल्या कोणीतरी त्यांचे कान भरले असणार. कोणाच्या हातचे खाता, ठाऊक आहे का, म्हणून. आणि बाई पडल्या सभ्य. नाही म्हणवत नाही, म्हणून वाटी घेतात आणि प्रयोगशाळेच्या मोरीत रिकामी करतात.

रमाबाईंनी हे ऐकले आणि कपाळाला हात लावला. "मंजुळे, देवानं तुला दोन डोळे दिले, तू दहा वापरतेस. म्हातारपणी बसून खावंसं वाटतं माणसाला. मला नाही वाटत?"

"तुम्ही दार लावून खाता का, मावशी?"

रमाबाईंनी सूप पुढे ओढले. तांदूळ निवडू लागल्या.

संशय हा मोठा कष्टाळू असतो. तो दिवसभर राबतो आणि संध्याकाळी घरीही येतो. मेघना अभ्यासाला बसली की मंजुळा भाजी चिरता चिरता सहज विचारी, बाई मधल्या सुट्टीत तुमच्यासोबत डबा खातात का? मेघना सांगे की बाई हल्ली डबा आणतच नाहीत. बाई तुझ्या बाटलीतले पाणी पितात का? तुझ्या हातचा बोराचा खाऊ घेतला का? मेघनाने शेवटी पुस्तक मिटले.

"आई, तू पोलिसात भरती झालीयेस का?"

मंजुळा हसली, पण तिचे मन हसले नाही. कारण आता प्रश्न तिच्या एकटीच्या मानाचा उरला नव्हता. ज्या बाईंना आईच्या हातचा घास नकोसा झाला असेल, त्या लेकीच्या पाठीवरून हात फिरवतात तो कोणत्या मनाने? आणि खिचडी जर मोरीत जात असेल, तर शाळेतल्या इतक्या लेकरांच्या ताटात जे पडते ते कोणीच तपासत नाही. तिने मनाशी ठरवले. खरे काय ते एकदा कळू दे. संशय खरा निघाला तर हातातला डाव त्याच टोपात टाकायचा, मेघनाचे नाव काढायचे आणि ह्या शाळेची पायरी पुन्हा चढायची नाही.

मंगळवारी तिने ते केले, जे जन्मात कधी केले नव्हते. खिचडीत मीठ घातले नाही. रमाबाईंना ताटे विसळायला नळावर पाठवले, मीठ तांब्यातल्या गरम पाण्यात विरघळवले आणि तो तांब्या मसाल्याच्या डब्यामागे लपवला. फोडणीचा वास दरवळत होता, हळदीचा रंग सोन्यासारखा होता, मटकी तोंड उघडून हसत होती. बघणाऱ्याला काही कमी दिसले नसते. ज्याने घास घेतला असता, त्यालाच कळले असते.

बाई आल्या. वाटी घेतली, हसल्या, गेल्या. दार लोटले गेले. मंजुळा डोळे व्हरांड्याकडे लावून उभी राहिली. मनातून ती काय मागत होती, हे तिला तरी ठाऊक होते का? तिला वाटत होते, बाईंनी तोंड वाकडे करून यावे. यावे आणि म्हणावे, अगं, मीठ विसरलीस की काय. खडसावावे, चारचौघांत बोलावे. ते बोलणे तिने ओवाळून घेतले असते.

बाई आल्या. वाटी लख्ख होती.

"छान झालीय हो, मंजुळा. आज तर विशेषच."

मंजुळाने तांब्यातले पाणी टोपात ओतले आणि डाव फिरवला. मुले जेवली, नेहमीसारखी जेवली. तिच्या मात्र हातांना दिवसभर ऊब आली नाही.

बुधवारी ती वाटीच्या मागोमाग गेली.

प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला एक खिडकी होती. तिची एक काच फुटून तिथे पुठ्ठा लावला होता. मंजुळाने पुठ्ठ्याचा कोपरा सरकवला. आत मोरी होती, पण बाई मोरीपाशी नव्हत्या. त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि खिचडी खात होत्या. मंजुळाच्या छातीतला दगड क्षणभर हलला, आणि दुसऱ्याच क्षणी दुप्पट होऊन बसला. कारण बाई खात होत्या त्या डोळे गच्च मिटून. एक घास तोंडात घ्यायचा, वर पाण्याचा घोट, मान मागे टाकून तो खाली ढकलायचा. एकदा त्यांना उमासा आला. त्यांनी तोंडावर रुमाल दाबला, थांबल्या आणि पुन्हा चमचा उचलला. कडू काढा घ्यावा तशी ती खिचडी त्या संपवत होत्या.

टाकून दिली असती तर बरे, असे मंजुळाला वाटले. टाकणाऱ्याला नुसती नको असते. ही तर किळस होती.

ती वळसा घालून आली आणि दार ढकलून आत गेली.

"इतकं जिवावर येतं तर खाता कशाला, बाई?"

बाई दचकून उठल्या. स्टूल आडवे झाले. मंजुळाचा आवाज चढला नाही, उलट तो खाली उतरला, आणि तिने एकेक शब्द समोर ठेवला. "काल खिचडीत मीठ नव्हतं. मी मुद्दाम घातलं नव्हतं. तुम्ही विशेष छान म्हणालात."

हेमाबाईंनी हातातल्या वाटीकडे पाहिले.

"नव्हतं का?" त्यांनी विचारले.

तो प्रश्न इतका साधा होता, इतका खराखुरा होता, की मंजुळाच्या दहाही डोळ्यांना त्यात काही सापडले नाही. मग बाई बोलल्या. डिसेंबरातल्या तापानंतर त्यांच्या जिभेची चव गेली होती आणि नाकाचा वासही गेला होता. चहा म्हणजे नुसते गरम पाणी, आंबा म्हणजे ओला कापूस. कोणताही घास तोंडात धरला की पोटातून ढवळून येई. म्हणून डबा आणणेही त्यांनी सोडले होते. चव परत यायला वेळ लागेल, असे डॉक्टर म्हणत होते. वाटी मात्र त्यांनी एक दिवसही टाकली नव्हती.

"तुझ्यासमोर खाल्लं असतं तर माझं तोंड तू पाहिलं असतंस," बाई म्हणाल्या. "तुला वाटलं असतं, हिला आपल्या हातचं..."

"मला तेच वाटलं, बाई. तीन महिने वाटतंय."

बाहेर मुलांचा गलका सुरू झाला होता. मंजुळाने विचारले, मग सरांना का नाही सांगितले? बाईंनी स्टूल उचलून सरळ केले.

"सांगितलं असतं तर वाटी कोणाकडे गेली असती, तूच सांग. जूनमध्ये सगळ्यांना काय काय झालं होतं, आठवतंय ना? मीही खाली ठेवली असती तर लोक म्हणाले असते, करंदीकर बाईंनीसुद्धा सोडलं. मग पालकांनी विचारलं असतं, का सोडलं. आणि चार दिवसांत शेडमध्ये दुसरा गट आला असता."

मंजुळाने त्या बोलण्यात गोडवा शोधला. सवयच ती. पण आवाज कोरडा होता, थकलेला होता, त्यावर साखर नव्हती. तिला रडू यायला हवे होते. तिला आला तो राग.

"आणि तेल खवट निघालं असतं तर? डाळ आंबली असती तर? तुम्हाला वासही येत नाही, बाई. माझी मेघना त्याच पंगतीत बसते. मला सांभाळायला म्हणून तुम्ही पोरांची राखण सोडलीत?" मग तिचाच आवाज तिच्यावर उलटला. "आणि मी तरी काय केलं? पोरांच्या जेवणावर तुमची परीक्षा घेतली. आपण दोघी एकमेकींकडे बघत बसलो आणि टोपाकडे कोणी बघितलंच नाही."

माया खोटी नसते, पण माया चुकते. हेमाबाईंची माया खरी होती आणि ती चुकली होती. हे त्यांना कळले, त्यांनी ते लपवले नाही. वाटी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, चल, सरांकडे जाऊ.

जाताना मंजुळा एक पाऊल मागे चालत होती. बाई सगळे सांगतील की निम्मे, ही शंका तिला व्हरांडाभर पुरली. पण बाईंनी ताप सांगितला, जीभ सांगितली, बिनमिठाची खिचडी सांगितली आणि शेवटी, नजर न हलवता, जूनमधली ती एकाएकी पसरलेली साथही सांगितली. आनंद सरांनी चष्मा काढला, घातला. म्हणाले, गंभीर आहे, विचार करू, कोणाला तरी नेमू. स्वतःबद्दल म्हणाले की त्यांचे पथ्य अजून चालूच आहे.

"सर," मंजुळा म्हणाली, "मागल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये समोसे आलेले. चटणीच्या वाट्या मीच विसळल्या. तुमची वाटी सगळ्यांत स्वच्छ होती."

हेमाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. सरांचा चेहरा लाल झाला आणि मग हळूहळू उतरला. हा माणूस दुष्ट नव्हता. चार लोकांनी मान फिरवली तेव्हा त्यानेही फिरवली होती, इतकेच. आणि इतके पुरेसे असते. चष्मा पुन्हा काढून ते म्हणाले, उद्यापासून वाटी माझ्याकडे पाठवत जा.

"वाटी येणार नाही, सर. तुम्ही टोपापाशी या."

त्या दिवशी खिचडी वाढण्याआधी सरांनी पंगतीला थांबवले आणि ते शेडपर्यंत आले खरे, पण रमाबाईंनी पुढे केलेला चमचा त्यांनी घाईत घेतला, घाईत गिळला आणि मान हलवून गेले. ह्याला खाणे म्हणायचे की उरकणे, हे मंजुळाला ठरवता येईना.

दुसरा दिवस गुरुवार. सरांचा गुरुवारचा उपास साऱ्या शाळेला माहीत. रमाबाई मटकी ओतता ओतता म्हणाल्या, आज काही येत नाही बघ तुझा साहेब. मंजुळाने शेगडी पेटवली. तिचे लक्ष व्हरांड्याच्या टोकाकडे होते. फोडणी करताना तिकडे, पाणी घालताना तिकडे, झाकण ठेवताना तिकडे. ताटे मांडली गेली, मुले रांगेने बसली. आठवीच्या मुलांनी श्लोकाला सुरुवात केली, बाकीच्यांनी सूर धरला.

सर आले. आज ते घाईत नव्हते. बाह्या दुमडत शेडमध्ये शिरले.

"आज उपास ना, सर?" रमाबाईंनी विचारलेच.

"माझा आहे. पोरांचा नाही ना."

मंजुळाने झाकण काढले. सरांनी वाटी पुढे धरली, तिने डावभर वाढली. तिचे डोळे त्यांच्या हातावर, हातावरून ओठांवर, ओठांवरून गळ्यावर. सरांनी घास घेतला. चावला. चावता चावता थांबले. कपाळावर आठी पडली. आली, ती किळस आली, असे मंजुळाचे मन ओरडले, आणि तिने डावाची मूठ घट्ट धरली. सरांनी आणखी एक घास घेतला. तो अधिक सावकाश चावला.

"मंजुळाताई," ते म्हणाले, "मटकी टचटचीत राहिलीय. लहान मुलांच्या पोटात दुखेल. ही वाढायची नाही."

हा बहाणा तर नव्हे? परत पाठवण्याची ही नवी रीत तर नव्हे? मंजुळाने डाव टोपात घातला, मटकीचे दोन दाणे उचलले आणि दाढेखाली धरले. ते कडक होते. व्हरांड्याकडे बघण्याच्या नादात आच कधी मंद झाली, तिला कळलेच नव्हते. खिचडी खरोखरच कच्ची होती, आणि ते सांगणारा माणूस तिसरा घास घेत होता.

अन्न शिजवणाऱ्या हाताला वाहवा पुष्कळ मिळते. वाहवा दुरूनही देता येते, दाराआडूनही देता येते. पण चूक दाखवायची तर जवळ यावे लागते, घास तोंडात घ्यावा लागतो, तो चावावा लागतो.

"बरोबर आहे, सर," मंजुळा म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं. जरा वेळ द्या."

तिने झाकण ठेवले, शेगडी मोठी केली. रमाबाई पाण्याची कळशी घेऊन धावल्या. पंगतीत श्लोक संपत आला होता, भुकेली तोंडे शेडकडे वळली होती. पहिलीच्या मुलांच्या रांगेत, मांडी घालून, आपले रिकामे ताट पुढ्यात ठेवून हेमाबाई बसल्या होत्या. त्यांनी शेडकडे पाहिले. मंजुळाने हातानेच खूण केली, अजून थोडं. बाईंनी मान डोलावली, मुलांकडे वळल्या आणि श्लोक पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला.